डोकं कापलेला किडा वर्षभर जगला, आणि शेतकऱ्याच्या पंपात नवं औषध आलं

उत्रोली म्हणजे भोर तालुका आणि भोर म्हणजे भात. भातावर तपकिरी तुडतुडे पडले की जी औषधं मारतात, त्यातलं एक बुप्रोफेझिन. पण फवारल्यावर दुसऱ्या दिवशी बघावं तर तुडतुडे जागेवरच! मग औषध डुप्लिकेट म्हणून शिव्या पडतात आणि दुसरी फवारणी होते. पैसे डबल.

खरं तर हे औषध किड्याला लगेच मारतच नाही. पिल्लाच्या अंगावर नवं कवच नीट तयार होत नाही आणि कात टाकताना ते मरतं. मोठे तुडतुडे मात्र वाचतात, म्हणून फवारणी पिल्लं असतानाच करायची.

पण कात टाकायची वेळ किड्याला कळते कशी? या कोड्यामागे आयुष्य घालवलं व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी. जन्म १८९९, इंग्लंडमधलं किर्कहॅम. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, मग केंब्रिज, मग डॉक्टरकी. पुढे लंडनला रोग पसरवणारे किडे शिकवायला लागले.

तिथं त्यांना भेटला ऱ्होडनियस, दक्षिण अमेरिकेतला रक्तपिपासू ढेकूण. हा पोटभर रक्त पितो आणि मगच कात टाकतो. विगल्सवर्थ यांनी रक्त पाजून लगेच डोकं कापलं, तर किडा कात न टाकता वर्षभराहून जास्त जगला. काही दिवस थांबून कापलं, तर बिनडोक्याच्या किड्यानंही कात टाकली. मग त्यांनी दोन किडे एकमेकांना जोडले. एकाचं रक्त दुसऱ्यात गेलं आणि अडलेल्यानंही कात टाकली. म्हणजे हुकूम डोक्यातून रक्तात उतरत होता. मेंदूमागच्या एका बारीक ग्रंथीतून किड्याला पिल्लूच ठेवणारं हार्मोनही येतं, हे त्यांनी १९३० च्या दशकात दाखवलं. त्याची नक्कल करणारं पायरीप्रॉक्सिफेन आज कपाशीच्या पांढऱ्या माशीवर मारतात. बुप्रोफेझिनचा मार्ग वेगळा, ते थेट कवचावर घाव घालतं. पण निशाणा एकच, किड्याची वाढ.

औषध मात्र त्यांनी स्वतः बनवलं नाही. त्या हार्मोनचा अर्क अमेरिकेच्या कॅरोल विल्यम्स यांनी १९५६ मध्ये काढला आणि त्यातून कीटकनाशक होईल हे ओळखलं.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९४५ मध्ये जग डीडीटीवर फिदा असताना विगल्सवर्थ यांनी लेख लिहून सावध केलं होतं, की त्यानं मित्रकिडेही मरतात. रेचल कार्सन यांचं गाजलेलं पुस्तक त्यानंतर १७ वर्षांनी आलं. १९६४ मध्ये त्यांना सर पदवी मिळाली, १९९४ मध्ये ते गेले. तोवर डीडीटीवर अनेक देशांत बंदी आली होती.