रेव्हरंड ना. वा. टिळक : गजबजाटातला एकांत

बडोद्याचे खंडेराव मार्केट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभे राहिले. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यकारभाराला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने ही वास्तू बांधली गेली आणि पूर्वीचे अधिपती खंडेराव महाराज यांचे नाव तिला देण्यात आले. भाजीच्या पाट्या, फुलांचे ढीग, घासाघीस करणारी गिऱ्हाइके आणि वाहनांचा कल्लोळ यांतून वाट काढीत ग्रंथालयाकडे वळणाऱ्या मराठी वाचकाला एका कवीची आठवण सहज व्हावी. फुलांमुलांचे कवी म्हणून शालेय वयापासून परिचित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक हे ते कवी होत. बडोद्याशी त्यांचा एक अप्रत्यक्ष धागाही आहे. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनास टिळक व लक्ष्मीबाई उपस्थित होते. त्याच संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी तरुण त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना बालकवी ही पदवी दिली आणि १९०९ मध्ये बडोद्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही कीर्तिकरांनीच भूषविले.

टिळकांची कविता मराठी वाचकाला ठाऊक आहे, त्यांचे धर्मांतरही ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्यांचा संसार तर घरोघरी पोचला. त्या मानाने अल्पपरिचित राहिली ती त्यांची साधना. ख्रिस्ती धर्मजीवनात मौनाला, एकांताला आणि ध्यानाला स्थान कोणते, हा प्रश्न या भावनाप्रधान, बोलक्या आणि काहीशा तापट माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात मनाशी धरला आणि त्याचे उत्तर आपल्या मातीत शोधले.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील कडक स्वभावाचे, आई जानकीबाई भाविक व कोमल मनाची. आईच्या मृत्यूने पोरका झालेला हा मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकू लागला. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका, म्हणजेच आपल्या परिचयाच्या लक्ष्मीबाई, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण एका जागी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक, संपादक अशा भूमिका बदलीत ते गावोगाव हिंडले. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालविले. मनातल्या मनात मात्र हा माणूस सदैव कशाच्या तरी शोधात होता.

१८९३ मध्ये नोकरीसाठी राजनांदगावला जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन मिशनरी भेटले. दोघांचे संभाषण काव्यावरून धर्माकडे वळले. निरोप घेताना त्या प्रवाशाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. ग्रंथ वाचीत असता डोंगरावरील प्रवचनाशी येऊन टिळक थबकले, आणि तेथून त्यांना पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवसाने एक घर दुभंगले. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहान मुलगा, भोवती सनातनी नातलग आणि पंढरपुरासारख्या क्षेत्रात काढलेले विरहाचे दिवस, असा चार-पाच वर्षांचा काळ त्यांनी कंठला. पतीचा आंतरिक शोध पत्नीच्या वाट्याला सक्तीचा एकांत होऊन आला, ही गोष्ट टिळकांचे चरित्र लिहिताना डोळ्याआड करता येत नाही. पुढे दोघे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे पुन्हा एकत्र आले आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, कोणाच्या आग्रहाने नव्हे तर आपल्या मनाच्या साक्षीने, ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

नगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनचे कार्य करू लागले. तेथील धर्मशिक्षणसंस्थेत त्यांनी अध्यापन केले आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाची धुराही त्यांनी वाहिली. मिशनची उपासनापद्धती न्यू इंग्लंडमधून आलेली होती. तीत प्रवचन होते, गायन होते, उत्स्फूर्तपणे मोठ्याने केलेली प्रार्थना होती. नीतीचा आग्रह होता, शिक्षणाची आस्था होती, सेवेची तळमळ होती. पण नुसते स्वस्थ बसावे, शब्द संपू द्यावेत आणि देवाच्या सान्निध्यात राहावे, या गोष्टीला त्या शिस्तीत फारशी जागा नव्हती.

वास्तविक ख्रिस्ती परंपरेला मौन परके नाही. येशू स्वतः लोकसमुदायापासून दूर डोंगरावर प्रार्थनेस जात असे. कार्यारंभापूर्वी चाळीस दिवस त्याने अरण्यात काढले आणि अखेरच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने एकाकी प्रार्थना केली. तिसऱ्या-चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटात अंतोनीसारखे तपस्वी एकांतवासात राहिले. त्यांच्याच मार्गाने पुढे युरोपात मठ उभे राहिले आणि मौन हा तेथील दिनचर्येचा नियम ठरला. धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट पंथांनी मठसंस्था बहुतांशी दूर सारली, आणि तिच्याबरोबर हा वारसाही मागे पडला. भारतात आलेल्या बहुसंख्य प्रॉटेस्टंट मिशनांनी म्हणूनच शाळा आणली, छापखाना आणला, दवाखाना आणला. एकांताची खोली तेवढी आणली नाही.

टिळकांना ही उणीव जाणवली, पण ती भरून काढण्यासाठी ते युरोपातील मठांकडे गेले नाहीत. त्यांच्या आधीच्या पिढीतील पंडित नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहम्या गोरे (१८२५–१८९५), यांनी तो मार्ग चोखाळला होता. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित अँग्लिकन पंथातील कौली फादर्स या व्रतस्थ संघाच्या सहवासात राहिला आणि त्याने कठोर, विरक्त जीवन व्यतीत केले. टिळकांची वाट निराळी होती. ती देहूवरून जात होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी कधी लपविली नाही. संसाराच्या रगाड्यातून उठून भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसणारे तुकाराम त्यांना ख्रिस्ती साधकाचेही गुरू वाटत. नामस्मरण, चिंतन, संतसंग आणि एकांत ही भागवत धर्माची साधने बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून जाण्याचे कारण नाही, ही त्यांची भूमिका होती.

‘अभंगांजली’ हे या साधनेचे फळ. तीतला ख्रिस्त परदेशी न्यायाधीश नाही, तो गुरू आहे, माउली आहे, जिवाचा सखा आहे. आरंभीच्या भक्तिगीतांत मागणे असते, अपराधाची कबुली असते, आर्जव असते. हळूहळू मागणे ओसरते आणि नुसत्या सहवासाची गोडी उरते. भक्त आणि देव यांच्यातील अंतर मिटावे, ही ओढ वारकरी वाचकाला चटकन ओळखीची वाटते. मराठी चर्चच्या उपासनासंगीतात टिळकांची शंभराहून अधिक गीते गेली. साहेबी चालीवर गाणाऱ्या मंडळीला अभंगाची लय मिळाली, आणि अभंगाबरोबर तो म्हणून झाल्यावर मनात रेंगाळणारी शांतताही मिळाली. कीर्तनाचे माध्यमही त्यांनी ख्रिस्ती मंडळीत उत्साहाने वापरले.

टिळक स्वभावाने मौनी नव्हते. ‘स्मृतिचित्रे’त दिसणारे टिळक क्षणात संतापतात, क्षणात विरघळतात, हातातला पैसा वाटून मोकळे होतात आणि पाहुणे घेऊन घरी येतात. एखाद्या विचाराच्या तंद्रीत असले की त्यांना जगाचे भान राहत नाही. घरात मुले, आश्रित आणि कवी यांची वर्दळ असे, आणि बालकवी तर काही काळ त्यांच्याच घरी राहिले. अशा घरात एकांत मिळणे कठीण. टिळकांचा एकांत म्हणून जागेवर अवलंबून नव्हता. आतल्या आत अलिप्त होण्याची ती शक्ती होती. तिचा भार मात्र बहुधा लक्ष्मीबाईंवर पडे. नवऱ्याच्या विस्मरणाची त्यांनी केलेली थट्टा वाचताना हसू येते. ते हसू ओसरल्यावर जाणवते की एकाच्या समाधीसाठी चूल दुसऱ्याला पेटती ठेवावी लागत होती.

वनवास की समाज, हा प्रश्न टिळकांनी कवितेतही हाताळला होता. ‘वनवासी फूल’ या त्यांच्या दीर्घ काव्यात रानात एकटे फुललेले फूल आणि त्याला जनांत बोलावणारा कवी यांचा संवाद आहे. निवृत्ती आणि प्रवृत्ती यांचा हा वाद कवीच्या स्वतःच्या अंतरात चालू होता. आयुष्याच्या अखेरीस त्याने त्यावर कृतीनेच तोडगा काढला.

१९१७ हे वर्ष निर्णायक ठरले. वयाच्या छपन्नाव्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगारावर धर्मकार्य करणारा माणूस देशबांधवांना साधू वाटणार नाही आणि त्याचे बोलणे त्यांच्या हृदयात उतरणार नाही, हे त्यांना पटले होते. ख्रिस्ती संन्यासी होऊन ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना साकारण्यास आरंभ केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा हा बंधुसंघ होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्याचे दार मोकळे होते. चर्चमधील अनेकांना हे रुचले नाही. बाप्तिस्म्याशिवाय शिष्यत्व कसे, हा त्यांचा आक्षेप गंभीर होता, केवळ हेकेखोर नव्हता. टिळकांचे म्हणणे असे की गुरुशिष्यांचे नाते आधी अंतरात जुळते, बाहेरची खूण मागाहून येते. त्यांच्या या भूमिकेच्या मुळाशी ध्यानाचा अनुभव होता. डोळे मिटून देवापुढे बसलेल्या दोन माणसांत जात, पंथ आणि नोंदवही यांचे अंतर उरत नाही, असे मानणाऱ्या माणसालाच असा दरबार सुचू शकतो.

हा संन्यासही मराठी वळणाचा होता. त्यांनी संसाराचा त्याग केला नाही, वेतनाचा, अधिकाराचा आणि सुरक्षिततेचा केला. एकनाथ-तुकारामांच्या महाराष्ट्राला असा गृहस्थ विरक्त नवा नव्हता. त्याची झळ अर्थातच कुटुंबाला लागली, आणि लक्ष्मीबाईंनी ती पुन्हा एकदा सोसली.

दरबाराला बाळसे धरायला काळ मिळाला नाही. टिळकांची प्रकृती खालावत गेली. ५ मे १९१८ रोजी बालकवींचा रेल्वेखाली अपघाती अंत झाला होता. त्यानंतर सुमारे एक वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकांनीही मुंबईत देह ठेवला. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत पोचले होते.

संस्थेच्या हिशेबाने पाहिले तर टिळकांचा प्रयोग अपुरा राहिला. परंतु मराठी मुलखात त्याचे बी रुजले. नगर भागात काम करणारे इंग्रज धर्मगुरू जॅक विन्स्लो टिळकांच्या विचाराने भारावले होते. त्यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढच्या वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. साधी राहणी, सामुदायिक उपासना, अभ्यास आणि ध्यान यांवर उभा असलेला हा संघ पुढे पुण्यात स्थिरावला. त्याच परिसरातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात १९७० च्या दशकात अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. चर्चच्या भिंतींनी वेगळ्या केलेल्या स्त्रिया एकाच छपराखाली प्रार्थनेला बसल्या. देवाच्या दरबाराचे ते एक लहानसे, पण खरे रूप होते.

दुसरा वारसा घरातच होता. पतीच्या मागे लक्ष्मीबाईंनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने ओवीमागून ओवी रचीत साठाहून अधिक अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या आणि त्यानंतर तो ग्रंथ प्रकाशात आला. टिळकांच्या ध्यानाची चर्चा होते, लक्ष्मीबाईंच्या या दीर्घ, एकाकी लेखनाला मात्र कोणी साधना म्हटले नाही. खरे पाहता पोटी संतती, डोक्यावर जबाबदाऱ्या आणि हाती लेखणी घेऊन वर्षानुवर्षे एका चरित्राचे चिंतन करणे याहून वेगळे ध्यान ते कोणते? टिळकांनी मौनाचा शोध घेतला आणि लक्ष्मीबाईंनी ते कामात मुरविले. दोघांची चरित्रे एकमेकांशेजारी ठेवून वाचली, तरच या साधनेचा अर्थ पुरता उलगडतो.

बाजार उठवून मिळणारी शांतता फार काळ टिकत नाही, कारण बाजार दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतो. टिळकांनी शोधली ती बाजार भरलेला असतानाही आत नांदणारी शांतता. ती त्यांना सहज लाभली नाही, पुरतीही लाभली नाही, आणि तिची किंमत त्यांनी एकट्याने दिली नाही. खंडेराव मार्केटच्या गलबल्यातून आत येऊन वाचनालयाच्या टेबलाशी बसणाऱ्या वाचकाने ‘अभंगांजली’ आणि ‘स्मृतिचित्रे’ ही दोन पुस्तके एकत्र मागून घ्यावीत. एकात त्या शोधाचा आनंद आहे, दुसऱ्यात त्याचा जमाखर्च आहे.