डॉ. रुस्तम जाल वकील

विद्यार्थिमित्रहो, वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आपणां सर्वांना कालवा, पाट आणि धानाची बांधी यांची ओळख बालपणीच होते. कालव्याचे पाणी पाटात व पाटाचे बांधीत जाते. पाटाचे तोंड आवळले की मागे पाण्याचा जोर वाढतो. आपल्या शरीरातही असाच एक जलमार्ग अहोरात्र वाहत असतो. त्याच्या वाढलेल्या जोरावर उपाय शोधण्यात ज्यांनी आपली विद्या वेचली, त्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

प्रथम त्या मार्गाची रचना पाहू. हृदयातून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी म्हणतात. त्यांची भिंत तीन थरांची, जाड व लवचिक असते. रोहिणींच्या शाखा बारीक होत जातात. या लघुरोहिणींच्या भिंतीतील स्नायू आकुंचन पावले म्हणजे वाट अरुंद होते व रक्ताचा दाब चढतो. पुढे केशवाहिन्या लागतात. त्यांची भिंत अवघ्या एका पेशीच्या जाडीची असल्याने प्राणवायू व अन्नरस तिच्यातून शरीराला मिळतात. तेथून नीला रक्त हृदयाकडे परत नेतात. त्यांच्या भिंती पातळ असून, रक्त मागे फिरू नये म्हणून अनेक नीलांत झडपा असतात.

लघुरोहिणी सतत आवळलेल्या राहिल्या तर हृदय थकते, मेंदूतील वाहिनी फुटण्याचा संभव असतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात. 1940 च्या सुमारास या विकारावर वैद्यांपाशी विश्रांती, अळणी आहार आणि मज्जातंतू तोडण्याची अवघड शस्त्रक्रिया यांपलीकडे फारसे काही नव्हते.

डॉ. वकील यांचा जन्म 1911 साली झाला. लंडनमध्ये वैद्यकाचे उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले आणि किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयात हृदयरोग्यांची सेवा करू लागले. सर्पगंधेची मुळी आपल्या देशात सर्पदंश, उन्माद व निद्रानाश यांवर पूर्वापार दिली जात असे. ती रक्तदाब उतरवते, असे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये नमूद केले होते. परंतु जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

डॉ. वकील यांनी त्या मुळीवर आंधळा विश्वास ठेवला नाही आणि गावठी म्हणून ती झिडकारलीही नाही. त्यांनी 50 रुग्णांना ती देऊन, आधीचा व नंतरचा दाब काटेकोरपणे मोजून नोंदविला. बहुतेकांचा दाब उतरला. हा वृत्तान्त 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य देशांतील वैद्यांनी मुळीची परीक्षा आरंभिली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळे केले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले, वाहिन्यांना आवळणारे रसायन रेसर्पिनमुळे ओसरते. स्नायू सैल पडतात व वाट मोकळी होते.

1957 साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि 1958 साली पद्मभूषण देऊन डॉक्टरांचा गौरव झाला. 1974 मध्ये ते निवर्तले.

या औषधाने काहींचे मन खिन्न होते, असे पुढे दिसून आले. अधिक सौम्य औषधे निघाल्यावर त्याचा वापर मागे पडला. तिकडे मुळीसाठी एवढी उपटाउपट झाली की आपल्या वनांत ही वनस्पती दुर्मिळ झाली. म्हणून वनात ती दिसली तर उपटू नका, आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून कोणतीही मुळी कोणास देऊ नका.

आजीबाईच्या बटव्यातील वस्तू तराजूत घालून पाहणे, हाच डॉक्टरांच्या जीवनाचा धडा होय. जुने ते सारेच सोने नव्हे आणि सारेच माती नव्हे. मोजून पाहणाऱ्यालाच त्यांतील भेद कळतो. बालाघाटच्या वनांच्या छायेत वाढणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे मोजमाप पुढे चालविले, तर आम्हांस धन्यता वाटेल.