विद्यार्थी-सैनिक

इ. स. १९१७ मधील गोष्ट. कलकत्त्याच्या विस्तीर्ण मैदानावर महाविद्यालयीन तरुणांचा एक मेळावा जमला होता. कोणी धोतर नेसून आलेला, कोणी अर्ध्या विजारीत, तर कोणी पाटलोण चढविलेला. कोणाच्या डोक्याला फेटा, कोणाच्या डोक्यावर साहेबी टोपी, तर कोणी बोडकाच! जवळच्या फोर्ट विल्यम किल्ल्यातील गोऱ्या पलटणीचे शिक्षक त्यांची हजेरी घेत होते. या घोळक्यातून कधी सैनिक तयार होतील, असे पाहणाऱ्यास स्वप्नातही वाटले नसते. त्याच घोळक्यात वीस वर्षांचे सुभाषचंद्र बोस उभे होते. पुढे आझाद हिंद सेनेचे सरसेनापती झालेल्या या पुरुषाने सैनिकी जीवनाचा पहिला धडा घेतला, तो त्या मैदानावर.

सुभाषचंद्रांचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी ओरिसातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, कटक या गावी झाला. वडील जानकीनाथ हे नामांकित वकील होते. आई प्रभावती करारी व धर्मनिष्ठ होत्या. सुभाषचंद्र अभ्यासात अत्यंत हुशार. परंतु खेळांत मात्र ते मागे असत. १९१३ साली प्रवेशपरीक्षेत कलकत्ता विद्यापीठात दुसरा क्रमांक मिळवून ते प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. त्यांचे मन तेव्हा अध्यात्माकडे ओढ घेत होते. १९१४ च्या उन्हाळ्यात घरी कोणास न सांगता ते गुरूच्या शोधार्थ निघाले व हरद्वार, वृंदावन, काशी असे हिंडून परत आले. मनासारखा गुरू भेटला नाहीच. उलट घरी परतल्यावर विषमज्वराने त्यांना अंथरुणास खिळविले.

१९१६ साली त्यांच्या आयुष्यात मोठे संकट उभे राहिले. कॉलेजातील ओटन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने हिंदी विद्यार्थ्यांना अपमानास्पद वागणूक दिल्याची तक्रार होती. तिची योग्य दाद लागली नाही, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी त्या प्राध्यापकावर हात टाकला. गुरुजनांवर हात उगारणे हे केव्हाही योग्य नव्हे, आणि चौकशीच्या वेळी सुभाषचंद्रांनीही त्या कृत्याचे समर्थन केले नाही. तथापि विद्यार्थ्यांना चीड येण्यासारखे घडले होते, हे सांगण्यास ते कचरले नाहीत. क्षमा मागितली असती, तर कदाचित त्यांची सुटका झाली असती. परंतु त्यांनी ती मागितली नाही. त्यांना कॉलेजातून काढून टाकण्यात आले आणि विद्यापीठाचे दरवाजेही बंद झाले. ते कटकला परतले आणि तेथे पटकी व देवीच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करीत राहिले.

या वेळी युरोपात पहिले महायुद्ध चालू होते. बंगाली माणूस लेखणी चालवावी, तलवार ही त्याची नव्हे, अशी इंग्रज सरकारची जुनी समजूत होती. परंतु युद्धाची निकड वाढली, तेव्हा बंगाली तरुणांची एक पलटण उभारण्यात आली. पुन्हा शिकण्याची परवानगी मिळावी म्हणून सुभाषचंद्र कलकत्त्यास खटपट करीत होते, त्याच सुमारास ते घरच्यांना न कळविता भरतीच्या कचेरीत गेले. शरीराच्या इतर तपासण्यांत ते उत्तीर्ण झाले. परंतु डोळ्यांच्या तपासणीत त्यांची नजर अधू ठरली. दुःखी अंतःकरणाने ते घरी परतले. विद्येचे दार बंद आणि सैन्याचेही दार बंद, अशी त्या तरुणाची अवस्था झाली होती.

परंतु ते निराश होऊन बसले नाहीत. विद्यापीठाची परवानगी मिळताच जुलै १९१७ मध्ये त्यांनी स्कॉटिश चर्च कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय घेऊन प्रवेश मिळविला. योगायोग असा की, त्याच वर्षी हिंदुस्थान संरक्षण दलात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी उभारण्याचे ठरले. तेथे डोळ्यांची तपासणी नियमित सैन्याइतकी कडक नव्हती. सुभाषचंद्रांनी आपले नाव नोंदविले आणि या वेळी ते निवडले गेले.

आरंभी दोन महिने मैदानावर साध्या पोशाखात कवाईत झाली. मग खाकी गणवेष मिळाला, किल्ल्याजवळ तंबू ठोकले गेले आणि हातांत बंदुका आल्या. पहाता पहाता तो विसंगत घोळका एका सुरात पाऊल टाकू लागला. तुकडीचे प्रमुख कॅप्टन ग्रे हे स्कॉटलंडचे जुने, कसलेले सैनिक होते. त्यांचा आवाज करडा, चर्या उग्र. परंतु अंतःकरण सोन्यासारखे. विद्यार्थ्यांना हे लवकरच उमगले आणि त्यांच्या शब्दाखातर वाटेल ते करण्यास ते सिद्ध झाले. हे विद्यार्थी सैनिक म्हणून अगदीच अयशस्वी ठरतील, असे किल्ल्यातील अधिकाऱ्यांना वाटत होते. तो अंदाज ग्रे यांनी खोटा ठरविला.

चार महिने हे छावणीचे जीवन चालले. त्यांतील काही दिवस कलकत्त्याबाहेर बेलघरिया येथे नेमबाजीच्या सरावात गेले. तीन आठवड्यांच्या सरावानंतर चुरस लागली, तेव्हा विद्यार्थ्यांची नेमबाजी पाहून शिक्षकही चकित झाले. या मुलांनी पूर्वी कधी बंदूक हाती धरली नव्हती, हे त्यांना खरे वाटेना! विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात गव्हर्नरांना मानवंदना देण्याचा मानही या तुकडीस मिळाला.

या शिक्षणात सुभाषचंद्रांच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला, तो एका लहानशा प्रसंगाचा. फोर्ट विल्यम हा परक्या सत्तेचा किल्ला. सामान्य हिंदी माणसास त्यात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. परंतु बंदुका आणण्यासाठी हे विद्यार्थी-सैनिक रांगेने त्या किल्ल्यात शिरले. आपल्या हक्काची, पण अन्यायाने हिरावून घेतलेली वस्तू आपण परत घेत आहोत, असे विलक्षण समाधान त्या दिवशी त्यांना वाटले. काही वर्षांपूर्वी जो तरुण गुरूच्या शोधात साधूंच्या पायांशी बसला होता, तो आज खांद्यावर बंदूक घेऊन उभा होता. शरीर काटक झाले, मनातील भीड गेली आणि स्वतःवरील विश्वास दुणावला.

मात्र कवाईतीच्या नादात ते वर्ष अभ्यासाविना गेले. ती उणीव त्यांनी पुढील वर्षी नेटाने भरून काढली आणि १९१९ मध्ये ते पहिल्या वर्गात, दुसऱ्या क्रमांकाने पदवीधर झाले.

त्याच वर्षी ते इंग्लंडला केंब्रिज येथे गेले. तेथील विद्यापीठात सैनिकी अधिकारी घडविणारे एक विद्यार्थी-दल होते. परंतु हिंदी विद्यार्थ्यांना त्यात प्रवेश नव्हता. याविरुद्ध दाद मागण्यासाठी हिंदी विद्यार्थ्यांनी जे प्रतिनिधी लंडनला धाडले, त्यांत सुभाषचंद्र होते. हे शिक्षण घेतलेला तरुण ब्रिटिश सैन्यात अधिकारपद मिळण्यास पात्र ठरे. उद्या हिंदी तरुणांनी ते पद मागितले तर काय करावे, ही सरकारची खरी अडचण होती. आम्ही अधिकारपद मागणार नाही, आम्हांस केवळ शिक्षण हवे आहे, असे या तरुणांनी कळविले. तरी एक खाते दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवीत राहिले आणि दार काही उघडले नाही. पुढे सनदी सेवेच्या परीक्षेत चौथा क्रमांक मिळवूनही सुभाषचंद्रांनी १९२१ मध्ये त्या मानाच्या नोकरीवर पाणी सोडले आणि देशकार्यास वाहून घेतले.

१९४३ साली सिंगापूर येथे त्यांनी आझाद हिंद सेनेचे नेतृत्व स्वीकारले. या सेनेत युद्धबंदी झालेले हिंदी सैनिक होते; तसेच कधी बंदूक न पाहिलेले दुकानदार, कारकून आणि मळ्यांतील मजूरही होते. स्त्रियांचीही झाशीची राणी पलटण उभी राहिली. अशा साध्या माणसांतून सैनिक घडतात, हे सुभाषचंद्रांनी तरुणपणीच कलकत्त्याच्या मैदानावर अनुभवले होते. ते स्वतः कोणत्याही सैनिकी विद्यालयात शिकलेले नव्हते. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैवानमधील विमान-अपघातात त्यांचा अंत झाला.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, आपल्या देशाने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन केली. ज्या शिक्षणासाठी सुभाषचंद्रांना परक्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले, ते शिक्षण आज शाळा-कॉलेजांतील मुलामुलींना आपल्याच देशाच्या ध्वजाखाली मिळते. मुलांनो, छात्रसैनिकांची तुकडी संचलन करताना दिसली, म्हणजे १९१७ मधील त्या घोळक्याची आठवण ठेवा. हजारोंना आज्ञा देणारा सेनापती आधी त्या रांगेत उभा राहून दुसऱ्याची आज्ञा पाळण्यास शिकला होता.