शिवसेनेचे नामकर्ते

१९ जून १९६६ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या संघटनेला शिवसेना हे नाव दिले ते प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांनी. त्या चळवळीचे श्रेय वा अपश्रेय पुत्राकडे जाते. परंतु तिच्यामागील पोटाचा प्रश्न पित्याच्या चरित्रात अधिक स्पष्टपणे वाचता येतो.

१७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेल येथे जन्मलेल्या केशवरावांचे शिक्षण आर्थिक विवंचनेत खुंटले. शिक्षणासाठी त्यांना पार देवासपर्यंत जावे लागले होते. पुढे उदरनिर्वाहासाठी त्यांनी पाट्या रंगविल्या, छायाचित्रे काढली, विमा विकला, नाटक मंडळ्यांत वावरले, सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केली. १९२१ साली 'प्रबोधन' काढून त्यांनी हुंडा, भिक्षुकशाही आणि जातिभेद यांवर आसूड ओढले. परमुलखातील भाकरीची चव ज्याने घेतली, तोच उतारवयात परप्रांतीयांविरुद्धच्या व्यासपीठावर उभा राहिला, ही विसंगती चरित्रकार बहुधा टाळतात.

तिचे उत्तर काही अंशी अर्थकारणात आहे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले; लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची गेली. राज्य मराठी झाले, मात्र राजधानीत मराठी भाषक निम्म्याहून कमी होते आणि शिकलेल्या तरुणाला कारकुनीही दुर्मिळ झाली होती. 'मार्मिक'ने कचेऱ्यांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. रोष दाक्षिणात्य कारकुनावर वळला. भांडवल कोठे गुंतवायचे हे ठरविणारा मालक मात्र त्यातून अलगद सुटला. लालबाव्याशी वैर धरणारी संघटना त्याला गैरसोयीचीही नव्हती. १९६८ साली मुंबई महापालिकेत तिला ४२ जागा मिळाल्या.

२० नोव्हेंबर १९७३ रोजी प्रबोधनकार निवर्तले. धर्मसंस्थेवर तुटून पडणाऱ्या या सुधारकाने नाव दिलेली संघटना पुढे, १९८० नंतरच्या दशकात, हिंदुत्वाकडे वळली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप त्यांनी पाहिला नाही. गिरण्या परप्रांतीयांनी बंद पाडल्या नव्हत्या. तरीही गिरणगावातील खोली विकून कित्येक मराठी कुटुंबे विरार-नालासोपाऱ्यास आली, आणि त्याच स्वस्त जागेच्या शोधात उत्तर प्रदेश-बिहारचे मजूरही आले. २००९ साली महापालिका झालेल्या या शहरात मूळचे म्हणावेत ते वाडवळ, आगरी, कोळी, आदिवासी, ख्रिस्ती शेतकरी. त्यांच्या वाड्यांच्या आणि भातखाचरांच्या लेखी गिरणगावातून आलेला कोकणी माणूसही बाहेरचाच होता.