शिष्यांना शिक्षक करणारे वै. जोग महाराज

कार्तिकीला आळंदीस जाणाऱ्या आमच्या वारकरी मंडळींनी एक दृश्य पुष्कळदा पाहिले असेल. सकाळची वेळ आहे, इंद्रायणीवरचा गारवा अजून हटलेला नाही, आणि अंगात पांढरा सदरा, कपाळी गोपीचंदन व बुक्का, खांद्याला झोळी अशी पंधरा-सोळा वर्षांची पोरे मधुकरीला निघाली आहेत. कुणी घाटावरचा, कुणी मराठवाड्यातला, कुणी खानदेशातला. बहुतेक शेतकऱ्याघरची लेकरे. दुपारी हीच पोरे मांडी घालून ज्ञानेश्वरीच्या ओव्या घोकताना दिसतात आणि संध्याकाळी टाळ घेऊन हरिपाठाला उभी राहतात. ही वारकरी शिक्षण संस्थेची मुले. त्यांच्या झोळीत भाकर पडते ती गावच्या माउलींच्या हातून, हे खरेच. पण आळंदीत येऊन संतवाङ्मय शिकण्याची वाट ज्यांनी त्यांना करून दिली, त्या वैकुंठवासी ह.भ.प. विष्णुबुवा जोग महाराजांचे आज स्मरण करावे, असे आमच्या मनात आहे.

महाराजांचा जन्म १४ सप्टेंबर १८६७ रोजी पुण्यास झाला. घराणे ब्राह्मणाचे, पण वारकऱ्याचे नव्हे. घरात पिढीजात वीणा नव्हता, फड नव्हता. तरुणपणी त्यांना नाद होता तो तालमीचा. अंगाला लाल माती लावून कुस्ती खेळणारा हा तरुण पुढे माउलीच्या पायाशी बसेल, असे कुणाला त्या वेळी सांगितले असते तर त्याला ते खरे वाटले नसते. पण देवाची निवड अशीच असते बघा! लोखंड कुठल्या खाणीचे हे परीस विचारीत नाही.

संतवचनांची गोडी लागली आणि सगळे चित्त तिकडे वळले. वारकरी व्हायचे म्हणजे गळ्यात तुळशीची माळ हवी, आणि ती कुणा अधिकारी पुरुषाच्या हातून घ्यायची, ही आपली रीत. महाराजांनी काय केले? ते आळंदीस गेले, माळ ज्ञानोबारायांच्या समाधीवर ठेवली आणि तिथून उचलून आपल्याच हाताने गळ्यात घातली. माउली हाच त्यांचा गुरु. पुढे ज्यांनी शेकडो जणांना शिकते केले, त्यांना स्वतःला माळ घालणारा देहधारी हात नव्हता, ही गोष्ट मनात धरून ठेवण्याजोगी आहे. आम्हांस असे वाटते, की शिकवण्याविषयीची त्यांची तळमळ याच ठिकाणी उगवली असावी. ज्याला वाट स्वतः शोधावी लागते, त्याला मागून येणाऱ्याचे पाय दुखतील याची काळजी अधिक असते.

लग्न त्यांनी केले नाही. पंढरीची वारी, आळंदी-देहूची वारी, संतग्रंथांचा अभ्यास आणि कीर्तन-प्रवचन हाच त्यांचा संसार झाला. लोकमान्य टिळकांविषयी त्यांना मोठा आदर होता. देशाची हाक त्यांच्या कानांवरून गेली नाही, पण आपले काम कोणते हे त्यांनी पक्के ओळखले होते. कीर्तनाला उभे राहावे ते हरिनामासाठी, त्याचा मोबदला घेऊ नये, हा त्यांचा नेम होता. अंगाने पहिलवान, वाणीने स्पष्ट, आणि वागण्यात चोख असा हा पुरुष. त्यांच्यापुढे बसलेल्या श्रोत्याला अर्थ कळला पाहिजे, नुसती चाल गोड लागून भागायचे नाही, अशी त्यांची धारणा होती.

या धारणेपोटीच त्यांनी लेखणी हाती धरली. तुकोबारायांच्या अभंगांची सार्थ गाथा त्यांनी सिद्ध केली. अमृतानुभवासारखा अवघड ग्रंथही अर्थासह लोकांपुढे ठेवला. आज सार्थ ग्रंथ दुकानात सहज मिळतो, म्हणून त्याची किंमत आपल्याला वाटत नाही. पण त्या काळचा खेड्यातला वारकरी डोळ्यांपुढे आणा. अभंग त्याला शंभर पाठ आहेत, अर्थ मात्र दहांचाही नीट सांगता येत नाही, आणि विचारायचे कुणाला हेही ठाऊक नाही. अशा माणसाच्या हाती सार्थ गाथा पडली, तर तो एका ओळीवर पाऊण तास विचार करू शकतो. हे त्यांचे पहिले शिकवणे.

तरीही पुस्तकाने सगळे काम होत नाही. आपल्या संप्रदायात विद्या चालत आली ती फडावर, मठात, दिंडीत, ऐकून ऐकून. ज्याचा बाप किंवा चुलता कीर्तनकार, त्याला ती घरबसल्या मिळे. इतरांनी काय करावे? एखाद्या कुणब्याच्या मुलाला आवड आहे, आवाज आहे, बुद्धी आहे, पण घरात परंपरा नाही, तर त्याने बसायचे कुणाच्या पायाशी? हैबतबाबांनी माउलीच्या पालखीसोहळ्याला शिस्त लावली म्हणून लाखो पावले एका चालीने पंढरीला जातात. तशी शिस्त शिक्षणाला लागली पाहिजे, हे जोग महाराजांनी ओळखले.

आणि मग १९१७ सालच्या गुढीपाडव्याला, २४ मार्च रोजी, आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू झाली. महाराजांचे वय तेव्हा पन्नाशीला टेकलेले. योजना साधी होती. मुलाने चार वर्षे आळंदीत राहावे, मधुकरी मागून जेवावे, ज्ञानेश्वरी, गाथा, एकनाथी भागवत यांचा अर्थासह अभ्यास करावा, पाठांतर करावे, टाळ-मृदंगाची संगत धरावी, कीर्तन-प्रवचनाची तयारी करावी, आणि मग आपल्या मुलखात जाऊन जे मिळाले ते वाटावे. यात शेवटचे वाक्य सगळ्यांत मोलाचे. शिकून शहाणा झाला एवढ्याने काम पुरे होत नव्हते. त्याने दुसऱ्याला शिकवावे यासाठी ही सारी खटपट.

आम्हांला यात त्यांची जुनी तालीम दिसते. तालमीतला वस्ताद पोराला डाव नुसता सांगत नाही, रोज करून घेतो, चुकला की पुन्हा करून घेतो, आणि पोरगा तयार झाला की धाकट्यांना शिकवायला त्यालाच उभा करतो. आळंदीतही तेच. फरक एवढाच, की इथे जिंकायचे ते आपल्याच मनाला.

पण देवाने वेळ फार थोडा दिला. संस्था सुरू होऊन तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. चार वर्षांच्या शिक्षणक्रमाची पहिली फेरी अजून संपायची होती, तोच माघ वद्य प्रतिपदेस, ५ फेब्रुवारी १९२० रोजी, महाराजांनी देह ठेवला. मंडळी, त्या दिवसाचा जरा विचार करा. संस्थानिकाचा आश्रय नाही, मोठी पुंजी नाही, पोरे झोळीवर जेवणारी, आणि ज्याच्या शब्दावर सारे चालले होते तो पुरुषच गेला. अशी किती कामे कर्त्याबरोबरच संपून जातात! हेही संपले असते तर कुणाला नवल वाटले नसते.

ते संपले नाही, कारण महाराजांनी मागे माणसे ठेवली होती. बंकटस्वामी होते, लक्ष्मणबुवा इगतपूरकर होते, मारुतीबुवा गुरव होते, आणि शंकर वामन ऊर्फ सोनोपंत दांडेकर होते. सोनोपंत १८९६ सालचे. म्हणजे गुरु गेले तेव्हा ते चोवीस वर्षांचेही नव्हते. या शिष्यांनी संस्थेचा भार वाटून घेतला. बंकटस्वामींनी मराठवाड्यात हरिनामाचा गजर घरोघर पोचवला. आणि सोनोपंत, ज्यांना सारा महाराष्ट्र पुढे मामा म्हणू लागला, ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य झाले. महाविद्यालयात पाश्चात्त्य तत्त्ववेत्ते शिकवावे आणि आळंदीत जमिनीवर बसून खेड्यातल्या मुलांना ज्ञानेश्वरी सांगावी, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच निष्ठेने केली. गुरूंप्रमाणे तेही ब्रह्मचारी राहिले. १९५३ साली त्यांनी सिद्ध केलेली सार्थ ज्ञानेश्वरी आज घरोघरी पारायणाला असते. ९ जुलै १९६८ रोजी मामा गेले, तोवर त्यांच्या हाताखालून किती पिढ्या निघाल्या याची मोजदाद कुणी करावी?

पाहा, या चारांचे मार्ग निरनिराळे. एक गावोगाव फिरणारा, एक महाविद्यालयात शिकवणारा. जोग महाराजांनी सगळ्यांना एका साच्यात घातले नाही. प्रत्येकाची बुद्धी जिथे चालते तिथे ती चालू दिली. मागणे एकच ठेवले, की मिळाले ते अडवून धरू नका. शिष्याने आपल्यासारखे व्हावे असे पुष्कळ गुरूंना वाटते. शिष्याने आपले काम पुढे न्यावे, मग तो दिसो कसाही, असे वाटणारा गुरु विरळा.

२०१७ साली संस्थेला शंभर वर्षे झाली. आज महाराष्ट्रात कीर्तनाला गेलात आणि बुवांनी विद्या कुठे घेतली हे विचारलेत, तर आळंदीचे नाव किती वेळा ऐकू येते ते मोजून पाहा. खेडोपाडी अखंड हरिनाम सप्ताह चालतात, त्यांत निरूपणाला उभे राहणाऱ्या कितीकांच्या विद्येचे मूळ शोधत गेले तर ते त्या पाडव्याच्या दिवसापाशी पोचते.

असो. मोठ्यांच्या चरित्राला नमस्कार करून मोकळे होणे सोपे असते. पण महाराज आपल्याकडून हारतुरे मागत नाहीत. आपण सप्ताहात बुवांच्या बिदागीची घासाघीस करतो, मंडपाचा खर्च आनंदाने करतो, आणि गावात गोड गळ्याचा एखादा गरीब पोरगा टाळ धरून मागच्या रांगेत उभा असतो, त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. त्याला एक सार्थ गाथा घेऊन द्यावी, अर्थ सांगणारा माणूस गाठून द्यावा, जमल्यास आळंदीची वाट दाखवावी. ज्यांना स्वतःला थोडेबहुत येते त्यांनी संध्याकाळी चार पोरे जमवून हरिपाठ शिकवावा. येत्या माघ वद्य प्रतिपदेला महाराजांची पुण्यतिथी आपापल्या गावी एवढ्याने जरी साजरी झाली, तरी ती त्यांना पोचली असे आम्ही समजू.

रामकृष्णहरी.