डॉ. भाऊ दाजी लाड : स्वभाव आणि व्यवसाय

शंभर वर्षे ग्रंथांची जपणूक करणाऱ्या संस्थेच्या स्मृतिग्रंथात, ग्रंथांचा, ताम्रपटांचा आणि शिलालेखांचा ध्यास घेतलेल्या आपल्याच तालुक्यातील एका पुरुषाचे स्मरण व्हावे, हे उचित होय. डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव मुंबईतील वस्तुसंग्रहालयामुळे सर्वतोमुखी झाले आहे. परंतु ते पेडणे महालातील मांद्रे गावचे, याची जाणीव आज आपल्याकडेही थोड्यांनाच असते. त्यांच्या कार्याची नामावळी अनेकांनी दिली आहे. प्रस्तुत लेखात थोडा निराळा विचार करावयाचा आहे. मनुष्याचा पिंड आणि त्याने पत्करलेला व्यवसाय यांचा मेळ कसा बसतो, आणि त्याच्या बोलण्याचा व मौनाचा त्याच्या सहकाऱ्यांवर काय परिणाम होतो, या दृष्टीने हे चरित्र मोठे बोधप्रद आहे.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. भाऊ हे त्यांचे घरगुती नाव आणि दाजी हे वडिलांचे. जन्म १८२२ मधला. काही चरित्रकार १८२४ हे वर्ष देतात. पेडणे महाल पोर्तुगीज अमलाखाली येऊन त्या वेळी पुरती चाळीस वर्षेही झाली नव्हती. मातीच्या बाहुल्या करून विकणारे वडील पोटापाण्यासाठी मुंबईस गेले आणि मुलगाही त्यांच्यासोबत गेला. बुद्धिबळात या मुलाची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण देण्याविषयी वडिलांचे मन वळविले, अशी हकीकत सांगितली जाते. पटावर तासन्‌तास डोके खपवून पुढच्या चार खेळ्या ताडणारी ही बुद्धी पुढे रोगनिदानात आणि लिपिवाचनात सारखीच उपयोगी पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

एल्फिन्स्टन विद्यालयात शिक्षण घेऊन ते तेथेच अध्यापक झाले. रसायन व पदार्थविज्ञान हे विषय त्यांच्याकडे होते. काठेवाड-कच्छमधील जाडेजांमध्ये चालणाऱ्या बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाल्याने त्यांचे नावही झाले होते. सरकारी विद्यालयातील अध्यापकी ही त्या काळात एतद्देशीय तरुणास प्रतिष्ठेची आणि निश्चिंतीची जागा. ती मिळाल्यावर दुसऱ्याने समाधान मानले असते. १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उघडले, तेव्हा भाऊंनी अध्यापकाचे आसन सोडले आणि ते पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. त्या पहिल्या तुकडीत गोमंतकीय आडनावे आणखीही होती, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

हा बदल केवळ अर्थप्राप्तीसाठी झाला असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसत नाही. नेमलेला पाठ वर्षानुवर्षे त्याच क्रमाने सांगत राहणे हे एका प्रकृतीचे काम, तर समोर आलेल्या नव्या प्रश्नाचा स्वतः छडा लावणे हे दुसऱ्या प्रकृतीचे. भाऊ दुसऱ्या प्रकृतीचे होते. वैद्यकीत प्रत्येक रोगी हा नवा प्रश्न असतो. त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय मांडला, अफाट लौकिक मिळविला आणि बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालविला. नारायणरावांना छायाचित्रणकलेचा नाद होता आणि भाऊंना प्राचीन लेखांचा. दोघा भावांचे छंद निराळे, पण ते एकमेकांना पूरक ठरले.

वैद्यकीतील मिळकत इतिहाससंशोधनात ओतली गेली. अजिंठ्याचे लेख, गिरनारचा रुद्रदाम्याचा लेख, चाळीसगावनजीक पाटण येथील भास्कराचार्यांच्या घराण्याविषयीचा शिलालेख, कालिदासाचा काळ, आर्यभट-वराहमिहिरादी ज्योतिर्विदांचा कालनिर्णय, असे त्यांचे विषय. ज्या सभांत बहुधा युरोपीय पंडितच बोलत, तेथे एक हिंदी वैद्य मूळ लेखांच्या आधारे त्यांच्या वाचनांतील चुका दाखवू लागला, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. पुरावा हाती असला की भाऊ कोणाचीही भीड ठेवीत नसत.

या निर्भीड वाणीची खरी कसोटी १८६२ मध्ये लागली. करसनदास मुळजी यांच्यावर वल्लभसंप्रदायाच्या एका महाराजांनी बदनामीची फिर्याद केली होती. हे महाराज भाऊंचे रोगी होते. भाऊंना साक्षीस बोलाविण्यात आले आणि महाराजांच्या विकाराविषयी जे ठाऊक होते ते त्यांनी न्यायासनासमोर सांगितले. रोग्याचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्म, आणि शपथेवर सत्य सांगणे हा साक्षीदाराचा. या पेचात त्यांनी दुसरा धर्म निवडला. धनाढ्य भाविकांचा रोष ओढवून घेणे व्यवसायाच्या दृष्टीने परवडणारे नव्हते, हे त्यांना कळत नसेल असे कोण म्हणेल?

मात्र याच पुरुषाच्या ठायी एक विलक्षण मौनही होते. महारोगावर ते कडू कवठीच्या तेलाचा उपाय करीत आणि अनेक रोग्यांना उतार पडल्याचे दिसे. परंतु औषध कोणते, हे त्यांनी आपल्या हयातीत शास्त्रीय रीतीने प्रसिद्ध केले नाही. पुरते सिद्ध झाल्यावाचून बोलावयाचे नाही, ही संशोधकाची वृत्ती त्यामागे असू शकेल. पण सहव्यावसायिकांच्या दृष्टीने गुप्त औषध म्हणजे संशयास्पद औषध. त्यामुळे त्यांच्यावर टीका झाली. या जातीच्या तेलांचा उपयोग पुढे विसाव्या शतकात, सल्फोन औषधे येईपर्यंत, महारोगावर जगभर होत राहिला. भाऊंनी वेळीच लिहिले असते तर या शोधाच्या इतिहासात त्यांचे नाव आज अधिक ठळकपणे आले असते.

संशोधनातही तेच घडले. सामग्री अमाप जमवावयाची, पण लेखणी सावकाश उचलावयाची. त्यांचे विखुरलेले लेखन ग्रंथरूपाने एकत्र आले ते मृत्यूनंतर, १८८८ मध्ये, कलकत्त्याहून.

या ठिकाणी पंडित भगवानलाल इंद्रजी यांची आठवण होते. जुनागढचा हा तरुण १८६० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत भाऊंकडे आला. इंग्रजीचा फारसा परिचय नाही, सभेत बोलण्याची हौस नाही; पण झिजलेल्या दगडावरचे अक्षर ओळखण्याची दृष्टी असामान्य. भाऊंनी ती दृष्टी पारखली. रानावनांतून, लेण्यांतून आणि अखेरीस नेपाळपर्यंत भगवानलालांनी भाऊंच्या खर्चाने हिंडून लेखांचे ठसे व नकला आणल्या. एकाने फिरावे व उतरावे, दुसऱ्याने अर्थ लावून विद्वत्सभेत मांडावे, अशी ही जोडी जमली. दोघांचा पिंड भिन्न होता, म्हणूनच ती बारा वर्षांहून अधिक टिकली. निबंधांवर नाव मात्र भाऊंचे असे. भगवानलाल स्वतंत्र संशोधक म्हणून विद्वज्जगतास परिचित झाले ते भाऊंच्या पश्चात. पुढे हॉलंडमधील लायडेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. धनी उदार होता, सेवक निष्ठावंत होता, तरीही श्रेयाची वाटणी समान झाली असे म्हणता येत नाही. चरित्रलेखकाने हे झाकून ठेवू नये.

सार्वजनिक कार्यात भाऊंचा स्वभाव खुलून दिसे. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते; स्टुडंट्स सोसायटीच्या मुलींच्या शाळांना त्यांचे पाठबळ होते; मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या सदस्यांत ते होते. १८६९ व १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर त्यांनी अपार श्रम घेतले. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या त्याच संग्रहालयास १९७५ पासून त्यांचे नाव आहे.

३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. भगवानलाल त्या वेळी नेपाळच्या प्रवासातच होते. ज्यांच्यासाठी ते ठसे उतरविले, ते वाचणारे डोळे मिटले होते.

भाऊंना आपला पिंड ओळखता आला आणि प्रतिष्ठेची जागा सोडण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, हे त्यांचे मोठेपण. भगवानलालांचा पिंडही त्यांनी ओळखला, हे त्याहून मोठेपण. आणि जे कळले ते वेळेवर लिहून ठेवले नाही, ही उणीव. अभ्यासक्रम निवडताना केवळ गुणांची टक्केवारी पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी या तिन्ही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. भाऊंनी जमविलेली हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जतन झाली. माणसाच्या मनात राहिलेले त्याच्याबरोबर जाते आणि ग्रंथालयात आलेले उरते. या ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या निमित्ताने मांद्र्याच्या या सुपुत्रास केलेले हे विनम्र अभिवादन.