दीर्घ रात्रीचा डॉक्टर

फ्रेडरिक कुक यांचा जन्म १८६५ साली न्यूयॉर्क राज्यात झाला. डॉक्टर झाल्यावर १८९१ मध्ये ते रॉबर्ट पिअरी यांच्या ग्रीनलंड मोहिमेत सामील झाले. तिथले इन्युइट लोक ताजे मांस खाऊन महिनोन्महिन्यांचा अंधार कसा निभावतात, हे त्यांनी जवळून पाहिले.

ही शिदोरी पुढे कामी आली. १८९८च्या मार्चमध्ये ‘बेल्जिका’ हे बेल्जियन जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात अडकले. कुक त्यावर डॉक्टर होते. अंटार्क्टिक वृत्ताच्या आत त्यापूर्वी कोणीही हिवाळा काढला नव्हता. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्याने जूनच्या सुमारास दक्षिण ध्रुवाकडचा भाग सूर्यापासून दूर झुकतो. ६६.५ अंश अक्षांशाच्या आसपास सूर्य जेमतेम एखादा दिवस उगवत नाही. ध्रुवाकडे जावे तशी ही रात्र लांबत जाते आणि प्रत्यक्ष ध्रुवावर ती सुमारे सहा महिन्यांची होते. बेल्जिका ७१ अंशांच्या आसपास होती. मेच्या मध्यात मावळलेला सूर्य जुलैच्या उत्तरार्धातच दिसला.

त्या अंधारात माणसे फिकट पडली, पाय सुजले, नाडी अनियमित झाली, झोप उडाली. काहींचा मानसिक तोल ढळला. जूनमध्ये हृदयविकार असलेले एमिल दांको दगावले. कुक यांनी रुग्णांना रोज काही वेळ उघड्या अंगाने धगधगत्या शेगडीसमोर बसवले, आणि पेंग्विन व सीलचे ताजे मांस खाण्याचा आग्रह धरला. चव किळसवाणी असल्याने मोहीमप्रमुख द गेर्लाश ते टाळत होते. अखेर तेही खाऊ लागले आणि सावरले.

आजार मुख्यतः प्रकाशाच्या अभावाने होतो, असे कुक यांचे मत होते. आजच्या ज्ञानानुसार मोठा वाटा स्कर्व्हीचा, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा होता. ते जीवनसत्त्व ताज्या मांसातून थोडेफार मिळाले. मात्र अंधाराविषयीची त्यांची शंकाही निराधार नव्हती. कमी प्रकाशात शरीराचे घड्याळ विस्कळीत होते. हिवाळी नैराश्याचे शास्त्रीय वर्णन १९८४ मध्ये झाले आणि त्यावर प्रखर प्रकाशाचा उपचार रूढ झाला.

बर्फ कापून वाट काढण्याची कल्पनाही कुक यांचीच. १८९९च्या मार्चमध्ये जहाज सुटले. पुढे उत्तर ध्रुव गाठल्याचा त्यांचा दावा अमान्य झाला आणि तेल कंपनीच्या समभागांतील फसवणुकीबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. १९४० मध्ये त्यांचे निधन झाले. तुरुंगात त्यांना भेटायला बेल्जिकावरचा एक जुना सोबती आवर्जून गेला होता. तो म्हणजे दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम पोहोचलेला रोआल्ड अमुंडसेन.